दुसऱ्या बाजूचं गाणं

रेकॉर्ड उलटी केली आणि एनिड बॅराक्लफचा आवाज आला, "दोन चमचे साखर घाल गं, डॉक्टरला काय कळतंय!"

मार्जरी लमच्या हातातली सुई थांबली. ती खुर्चीत बसून मोजा रफू करत होती आणि चेहऱ्यावर तीन महिन्यांच्या कष्टांचं समाधान होतं. रेकॉर्डची पहिली बाजू सुरेख झाली होती. 'दार लावू नका' हे गाणं तिनं स्वतः लिहिलं होतं, चाल स्वतः लावली होती आणि चॅपलच्या गायनमंडळातल्या बावीस जणांकडून ते रागावून, रडून आणि एकदा पियानोचं झाकण आपटून बसवून घेतलं होतं. दुसऱ्या बाजूला तिचंच आणखी एक नाताळगीत असायला हवं होतं. तिथे मंडळातली एनिड साखर मागत होती.

"आणि मार्जरी," रेकॉर्डमधली एनिड पुढे म्हणाली, "त्या रॅम्सडेनचा केसांचा टोप बघितलास रविवारी? प्रार्थनेला मान खाली घातली, तर टोप आधी खाली, मान मागाहून!"

मग मार्जरीला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. तो तिचा स्वतःचा होता.

"अगं, मी तर हवामान त्याच्यावरूनच ओळखते. रॅम्सडेन रस्त्यावर दिसला की मी कपडे धुवायला काढतच नाही. वारा नसणार, वाळायचे नाहीत."

यानंतर रेकॉर्डमध्ये आठ-दहा बायका मनमुराद हसल्या.

"छान आहे," मार्जरीचा नवरा विल्फ म्हणाला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काम करून त्याचे कान गेले होते. तो रेडिओग्रामच्या लाकडाला तळहात टेकवून गाणी ऐकायचा. "यात बोलणंपण घातलंयस का? आणि मागे कोण गातंय?"

"गप्प बस विल्फ!"

ही गोष्ट १९८३च्या नोव्हेंबरातली. आमच्या थॉर्नली ब्रिजमध्ये तेव्हा सात गिरण्यांपैकी दोनच चालू होत्या, आणि बंद पडलेल्यांपैकी एकीच्या रंगाईखान्यात चॅपलवाल्यांनी बेघर माणसांसाठी निवारा काढला होता. कालव्याच्या काठी, सतरा खाटा. त्या शरद ऋतूत तिथला बॉयलर बंद पडला. नगरपालिकेच्या गृहनिर्माण समितीनं पत्र पाठवलं की बारा डिसेंबरच्या बैठकीपर्यंत इमारत गरम झाली नाही, तर निवाऱ्याला कुलूप लागेल. समितीचे अध्यक्ष होते नगरसेवक हर्बर्ट रॅम्सडेन. टोपवाले.

नव्या बॉयलरसाठी पैसे उभे करायला नाताळाची रेकॉर्ड काढायची, ही कल्पना मार्जरीची. त्या काळी लंडनमधले गायक अशा रेकॉर्डी काढत. "त्यांना जमतं, तर आपल्याला का नाही? आपण तर सुरातपण गातो," असं ती म्हणाली, आणि मंडळ कामाला लागलं.

आता ती फोनवर होती. पलीकडे अर्नल्ड हिंचलिफ होता, गिरणीतला निवृत्त वायरमन, मंडळातला एकमेव माणूस ज्याच्याकडे टेपचं यंत्र होतं.

"अर्नल्ड, चहाच्या सुट्टीत तू मशीन बंद केलं होतंस का?"

"केलं असणार की."

"असणार म्हणजे?"

"मिसेस लम, मला घाईची लागली होती. म्हातारा माणूस मी. परत येऊन बघितलं तर चाक फिरतंय. मी ती रीळ काढून वेगळी ठेवली. डबीवर फुली मारली."

"मग?"

"मग एनिड म्हणाली, फुली मारलेली पाठव. तिला वाटलं, फुली म्हणजे चांगली. मत देताना मारतो तशी."

मार्जरीनं फोन ठेवला आणि रेकॉर्डवर पुन्हा सुई ठेवली. पुढचं ऐकणं भाग होतं. एनिड आता क्लिफर्ड गॉक्रॉजरवर आली होती.

"अकरा वर्षं झाली, दर मंगळवारी लायब्ररीत जातो. पुस्तकांसाठी नव्हे काही, ऑड्री पीलला बघायला. समोर असेल ते पुस्तक उचलतो आणि तिच्याकडून शिक्का मारून घेतो. मागच्या आठवड्यात काय नेलं माहितीय? मेंढ्यांच्या खुरांचे रोग!"

"त्याच्याकडे मेंढ्या कुठायत?" रेकॉर्डमधल्या मार्जरीनं विचारलं.

"तेच तर म्हणते मी!"

आता क्लिफर्ड गॉक्रॉजर कोण, तर गावातल्या एकुलत्या एका रेकॉर्डच्या दुकानाचा मालक. तीनशे रेकॉर्डींची खोकी थेट त्याच्याच दुकानात उतरली होती. त्यातली ही एक त्यानं मार्जरीला कौतुकानं पाठवली होती, आणि उरलेल्या सगळ्या तो दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी नऊला विक्रीला काढणार होता. फुकट. म्हणजे स्वतःचा एक पेनीही नफा न घेता.

लमबाईंच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी तातडीची बैठक भरली. एनिड आली तीच रडत आली, पण फळांच्या केकचा तुकडा घेतल्यावर सावरली.

"क्लिफर्डला सांगू या की विकू नकोस," अर्नल्ड म्हणाला.

"का, असं विचारेल तो."

"रेकॉर्डवर चरा आहे म्हणून सांगू."

"मग तो चरा शोधायला लावून बघेल," एनिड म्हणाली. "दोन्ही बाजू. तो फार काटेकोर आहे. मेंढ्यांचंसुद्धा पुस्तक वेळेवर परत करतो."

"मग एकच मार्ग आहे," मार्जरी म्हणाली. शाळेत तीस वर्षं पियानो शिकवलेली ही बाई. ती असं म्हणाली की लोक उठून उभे राहत. "उद्या सकाळी आपणच सगळ्या विकत घ्यायच्या."

जिन्यावरच्या नव्या गालिच्यासाठी साठवलेले पैसे तिनं डब्यातून काढले. विल्फनं ते पाहिलं. त्याला ओठांवरून बोलणं कळायचं, त्यामुळे बैठकीतलं अक्षरन् अक्षर त्याला समजलं होतं.

"म्हणजे बॉयलर आपणच घेतोय," तो म्हणाला. "मग गाणं कशाला बसवलंस?"

शुक्रवारी नऊ वाजता मार्जरी दुकानात हजर झाली आणि तिनं साठ रेकॉर्डी मागितल्या.

"साठ?" क्लिफर्डचे डोळे चमकले. हा उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस बारा महिने एकच राखाडी स्वेटर घालायचा.

"नातेवाईक," मार्जरी म्हणाली.

"तुम्ही एकुलत्या एक ना?"

"विल्फचे."

साडेनऊला एनिड आली. तिला सत्तर हव्या होत्या, कॅनडातल्या मावशीसाठी. मावशी एकटी एवढ्या रेकॉर्डी घेऊन काय करणार, हे क्लिफर्डनं विचारलं नाही. तो खूश होता. दहाला अर्नल्ड आला. ओळखू येऊ नये म्हणून त्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली होती आणि मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता.

"काय अर्नल्ड, सर्दी झालीय?" क्लिफर्ड म्हणाला. "तुझ्याकडे रेकॉर्ड प्लेयर आहे कुठे?"

अर्नल्डनं मफलर आणखी वर ओढला. "घ्यायचा विचार आहे," तो म्हणाला.

अर्ध्या तासानं तो पन्नास रेकॉर्डी, एक रेकॉर्ड प्लेयर आणि तीन वर्षांचा हप्त्यांचा करार घेऊन बाहेर पडला.

एवढं सगळं शांतपणे पार पडलं असतं, पण थॉर्नली ब्रिजमधल्या माणसांना रांग दिसली की राहवत नाही. रेशनच्या दिवसांपासूनची सवय. आधी उभं राहायचं, काय मिळतंय ते पुढे कळतंच. मार्जरी दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यापुढे तीन बायका होत्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा रांग मटणवाल्याच्या दारापर्यंत गेली होती. विल्फचे नातेवाईक वाढतच गेले. दुपारी एकच्या सुमाराला शेवटची रेकॉर्ड विकली गेली. सव्वादोनशे मार्जरीच्या कोळशाच्या खोलीत होत्या, पण सत्तर-पंचाहत्तर गावात पांगल्या होत्या.

"लोक पहिलीच बाजू लावतात," अर्नल्डनं धीर दिला. "दुसरी कोण बघतंय?"

तशात क्लिफर्डनं दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, 'एका सकाळीत तीनशे!' आणि खोऱ्यातल्या छोट्या रेडिओ केंद्राला फोन करून ही बातमी सांगितली. त्यांनी एक प्रत मागितली. क्लिफर्डनं स्वतःसाठी ठेवलेली एकुलती एक प्रत बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली. ती न ऐकताच. रविवारी दुपारी निवांत बसून ऐकायची, असं त्यानं ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता फुटबॉलचे निकाल लागायचे. त्यामुळे पाचला पाच मिनिटं असताना आमच्या खोऱ्यात एकही रेडिओ बंद नसायचा. पुरुष माणसं हातात पेन्सिल आणि निकालांवरच्या पैजेचं कुपन घेऊन बसलेली असत, बायका कोळंबीचं सॅन्डविच करत असत, आणि पोरांना श्वास घ्यायलाही बंदी असे. ते दिवस आठवले की अजूनही नाकात टोस्टचा वास येतो. बरोबर त्याच वेळी निवेदक म्हणाला, "आता ऐकू या थॉर्नली ब्रिजची रेकॉर्ड, जी एका सकाळीत संपली! मला स्वतःला नेहमी मागची बाजू आधी ऐकायला आवडते. खरी रत्नं तिथेच असतात."

"नको रे!" मार्जरी रेडिओला म्हणाली.

"दोन चमचे साखर घाल गं," रेडिओ म्हणाला.

मार्जरी उठली, फडताळाच्या खोलीत गेली आणि तिनं आतून दार लावून घेतलं.

निवेदकानं ती बाजू मध्येच का थांबवली नाही, याची चर्चा गावात पुढे अनेक वर्षं चालली. कुणी म्हणे, तो सिगरेट ओढायला बाहेर गेला होता. कुणी म्हणे, तो टेबलाखाली हसत पडला होता. काहीही असो, तीन मिनिटं चाळीस सेकंद सगळ्या खोऱ्यानं चहाची सुट्टी ऐकली. बसमध्ये ऐकली, केस कापायच्या दुकानात ऐकली. वाघाच्या पाटीच्या पबमध्ये हास्याचा असा स्फोट झाला, की निकालांमधला पहिला सामना कुणालाच ऐकू आला नाही.

मग मार्जरीचा फोन वाजायला लागला. विल्फला तो ऐकू येत नव्हता. बाराव्या घंटेला मार्जरी फडताळातून बाहेर आली.

"मी फिलिस क्रॅबट्री बोलतेय," पलीकडून थरथरता आवाज आला. फिलिस मंडळातली पहिल्या रांगेतली गायिका. मार्केट स्ट्रीटवर बेकरीच्या वर राहायची. "मार्जरी, मला हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं."

"फिलिस, मी मनापासून—"

"एकदासुद्धा? रॅम्सडेनचं नाव आहे, क्लिफर्डचं आहे, ऑड्रीचं आहे. पोस्टातल्या त्या पोरीच्या घोट्यांबद्दल बोललात. आणि माझं नाव नाही? माझ्याबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही का?"

"तू तिथेच बसली होतीस ना गं! म्हणून!"

"मग मी बाहेर गेल्यावर बोलायचं!" असं म्हणून फिलिसनं फोन आपटला.

त्या संध्याकाळी असे चार फोन आले, आणि चौघांचीही तक्रार हीच होती. बाकीच्या फोनवर लोक रेकॉर्ड कुठे मिळेल ते विचारत होते.

तिकडे दुकानात क्लिफर्ड गल्ल्यामागे उभा होता. गिऱ्हाइकं एकेक करून काहीही न घेता बाहेर पडली होती, कारण त्याच्याकडे बघणं कुणालाच सोसत नव्हतं. दिवे मालवावे आणि वरच्या आपल्या खोलीत जाऊन वसंत ऋतूपर्यंत तिथेच राहावं, असा त्याचा विचार चालला होता. तेवढ्यात दाराची घंटी वाजली. ऑड्री पील आत आली. डोक्याला रुमाल, कोटाची बटणं वरखाली लावलेली. ती इस्त्री अर्धवट टाकून आली होती.

"मिस्टर गॉक्रॉजर," ती म्हणाली, "मी अकरा वर्षं तुमच्यासाठी पुस्तकं काढून ठेवतेय. तुम्ही येता तेव्हा माझ्या टेबलावर असतात ती. चांगली चांगली निवडून ठेवते. प्रवासाची, कवितांची."

क्लिफर्ड म्हणाला, "पण... मेंढ्या..."

"त्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई होती." ऑड्रीनं रुमाल सोडला. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणून तर न बघता उचललं."

रविवारी चॅपलला जायची मार्जरीची हिंमत झाली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच. अकराच्या सुमाराला दारावर थाप पडली. काचेतून एक मोठी काळी हॅट दिसली. नगरसेवक रॅम्सडेन. विल्फनं दार उघडलं आणि तो शहाणपणानं बाजूला झाला.

रॅम्सडेन बैठकीच्या खोलीत आले. अंगानं भरदार, वयानं साठीचे, आवाज सभेतला. ते बसले नाहीत. मार्जरीनं रात्रभर घोकलेलं माफीचं भाषण सुरू केलं, पण त्यांनी हात वर केला आणि हॅट काढली. खाली काहीच नव्हतं. गुळगुळीत, गुलाबी, थंडीनं जरा लालसर झालेलं डोकं.

"किती जणांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मार्जरीनं विल्फकडे पाहिलं. विल्फनं ओठ वाचले होते. "सगळ्यांना," तो म्हणाला.

"सगळ्यांना. बावीस वर्षं?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, साहेब."

रॅम्सडेन धप्पकन खुर्चीत बसले. "बावीस वर्षं मी वाऱ्यात बाहेर पडलो नाही. समुद्रावर गेलो नाही. नातवंडं म्हणतात, आजोबा, पतंग उडवायला चला, तर मी म्हणतो, गुडघा दुखतोय. आणि सगळ्यांना माहीत होतं." त्यांनी मान खाली घातली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मार्जरीला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. "काल रात्री माझी बायको इतकी हसली, की तिला खुर्ची धरून उभं राहावं लागलं. तो टोप तिनं मांजराला बसायला दिलाय."

मार्जरीनं चहा ठेवला. दुसरं काय करणार? चहा पिताना रॅम्सडेननी सहज विचारलं, "पण मागे गातो तो कोण?"

"कोण गातो?"

"रेकॉर्डवर. तुम्ही बायका बोलताय आणि मागे एक माणूस गातोय. बायको म्हणाली, हा आवाज रेडिओवरच्या एकाही माणसाला नाही."

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो," विल्फ म्हणाला. "मागे कुणीतरी गातंय. लाकडात येतो त्याचा आवाज. हिनं मला गप्प बसवलं."

रेकॉर्ड पुन्हा लावली. आतापर्यंत मार्जरीनं ती डझनभर वेळा ऐकली होती, पण फक्त आपण काय बोललो तेवढंच ऐकलं होतं. या वेळी तिनं एनिडच्या आणि स्वतःच्या आवाजापलीकडे कान दिला. नळाचं पाणी वाहत होतं. कपबश्या वाजत होत्या. आणि त्या सगळ्याच्या खालून एक खोल, शांत आवाज वाहत होता, परक्या भाषेतलं काहीतरी गात. घाई नाही, कुणाला ऐकवायचं नाही. हसणं वाढलं की तो बुडायचा आणि हसणं ओसरलं की पुन्हा वर यायचा.

मार्जरीला तो आवाज ओळखू आला आणि तिचे कान तापले.

तो मॅलकी डर्कन होता. निवाऱ्यातला आयरिश माणूस. तीस वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या मेयोहून आला, डोंगरातले बोगदे खणले, मोठ्या रस्त्याचं काम केलं, कामाबरोबर छावण्या बदलत राहिला आणि काम संपलं तेव्हा कुठल्याच गावचा उरला नाही. गाण्यासाठी माणसं हवीत असं कळल्यावर सप्टेंबरात तो टोपी हातात घेऊन मार्जरीकडे आला होता. एक ओळ गाऊन दाखवली होती. ती म्हणाली होती, "आवाज फार मोठा आहे, मिस्टर डर्कन. बाकीचे झाकून जातील. तुम्ही चहाचं बघाल का?" आणि तो दर तालमीला येऊन चहाचं बघत होता. बेघरांसाठी गाणं बावीस घरवाल्यांनी म्हटलं, आणि त्यांच्या कपबश्या बेघर माणसानं धुतल्या.

"त्या निवाऱ्यातला आहे हा?" रॅम्सडेननी विचारलं. "आणि निवारा मी बंद करणार आहे?"

"बारा तारखेला," मार्जरी म्हणाली.

रॅम्सडेननी हॅट उचलली, पण डोक्यावर ठेवली नाही. त्या दुपारी ते कालव्याकाठी जाऊन आले. त्या रंगाईखान्यात ते दोन तास अंगात कोट घालून एका खाटेवर बसले होते आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, असं पाहिलेले सांगतात. उघड्या डोक्याला थंडी जास्त लागते. बारा तारखेच्या बैठकीत बॉयलरचा ठराव चार मिनिटांत मंजूर झाला. उरलेली रक्कम नगरपालिकेनं घातली.

मार्जरी सोमवारी निवाऱ्यात गेली. मॅलकी सतरा खाटांच्या चादरींच्या घड्या घालत होता.

"मिस्टर डर्कन, रेकॉर्डवर तुमचं गाणं आलंय."

"माझं? छे, मिसेस. मी भांडी धूत होतो."

"धुताना गात होता."

तो गोंधळला. "हो? माझी आई गायची, दूध काढताना. मला कळलंसुद्धा नाही. तुमचं रेकॉर्डिंग बिघडवलं का मी?"

मार्जरीनं आयुष्यात फार थोड्या वेळा माफी मागितली होती, त्यामुळे सराव नव्हता. "मी त्या दिवशी तुम्हाला आवाज मोठा आहे म्हणाले," ती म्हणाली. "मला म्हणायला हवं होतं, की आमची खोली लहान आहे. नाताळच्या प्रार्थनेला गाल?"

मॅलकीनं हातातली चादर आणखी दोनदा घडी केली. "उभं राहून? लोकांपुढे? त्यापेक्षा बोगदा बरा." मग म्हणाला, "शेवटच्या रांगेत जागा असेल तर बघू."

त्या आठवड्यात रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातून फोन आला. क्लिफर्डनं आणखी दोन हजारांची मागणी नोंदवली होती. "मॅडम, दुसऱ्या बाजूला काहीतरी गफलत झालेली दिसतेय," तिथला माणूस म्हणाला. "योग्य रीळ पाठवलीत, तर या वेळी दुरुस्त करू."

मार्जरीची खरी रीळ, तिचं दुसरं नाताळगीत, टेलिफोनच्या शेजारीच होती. तिनं त्या डबीकडे पाहिलं. चाल खरोखर चांगली होती.

"जसंच्या तसं छापा," ती म्हणाली. "फक्त त्या बाजूच्या चिठ्ठीवर एक ओळ घाला. 'गायन: मॅलकी डर्कन. व्यत्यय: थॉर्नली ब्रिज चॅपल गायनमंडळ.'"

दोन हजार संपल्या. आणखी काढाव्या लागल्या. त्या नाताळात आमच्या खोऱ्यातल्या घराघरात 'व्यत्यय' वाजत होता. लोक संवाद तोंडपाठ म्हणायचे आणि मॅलकीचा आवाज आला की गप्प व्हायचे. 'दार लावू नका' हे पहिल्या बाजूचं गाणं मात्र आज कुणालाही आठवत नाही. मार्जरीनं ते मला एकदा म्हणून दाखवलं होतं, आणि मलाही आता आठवत नाही. कोळशाच्या खोलीतल्या सव्वादोनशे रेकॉर्डी तिनं पुढे लग्नांना, बारशांना भेट देऊन संपवल्या. अर्नल्डनं रेकॉर्ड प्लेयरचे हप्ते इमानानं फेडले आणि सत्तराव्या वर्षी त्याला संगीताचा नाद लागला.

एप्रिलमध्ये क्लिफर्डनं ऑड्री पीलशी लग्न केलं आणि तो टेकडीवरच्या तिच्या घरी राहायला गेला. दुकानाच्या वरची त्याची खोली रिकामी झाली. ती कुणाला द्यायची, यावर त्या दोघांना चर्चा करावी लागली नाही. मे महिन्यात एका बुधवारी मॅलकी डर्कन एक पिशवी आणि एक किटली घेऊन जिना चढला. मार्जरीनं पडदे शिवले, विल्फनं दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. किल्ली हातात आल्यावर मॅलकीनं कुलूप तीनदा उघडलं आणि तीनदा लावलं, आणि म्हणाला, "चालतंय."

जूनच्या मध्याला तो धापा टाकत मार्जरीच्या दारात आला. हातात एक लांब तपकिरी लिफाफा होता.

"मिसेस, हे बघा! पोस्टमननं आणून दिलं. थेट माझ्या दारात."

मार्जरीनं चष्मा लावून पत्र वाचलं. नगरपालिकेचं होतं. शेजारच्या बेकरीच्या वर राहणाऱ्या फिलिस क्रॅबट्रीबाईंनी लेखी तक्रार केली होती, की सदर इसम रोज सकाळी सहा वाजता खिडकी उघडून मोठ्यानं गातो. यापुढे आठाच्या आत गायल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल. खाली सही: ह. रॅम्सडेन.

मार्जरी संतापली. "ती फिलिस! थांबा, मी आत्ता जाते तिच्याकडे. आणि रॅम्सडेनला तर—"

"नको, नको!" मॅलकीनं घाईनं पत्र परत घेतलं. "मी आठनंतर गाईन. त्यात काय. तुम्ही ते मधलं कशाला वाचताय? हे वरचं वाचा."

वर टाइप केलेलं होतं: श्री. मॅलकी डर्कन, पहिला मजला, नऊ, मार्केट स्ट्रीट, थॉर्नली ब्रिज.

"एकतीस वर्षांत," तो म्हणाला, "मला आलेलं हे पहिलं पत्र." आणि क्लिफर्डच्या दुकानात याच्या मापाची चौकट मिळेल का, असं त्यानं विचारलं.